‘नुसते पाहायला आलो आहे’ : ब्राझीलच्या दारातला पाहुणा

१४ जानेवारी २००४. साओ पावलोच्या विमानतळावर एका अमेरिकी विमानाचे कर्मचारी उतरले. ब्राझीलच्या संघीय पोलिसांनी त्यांना रांगेत उभे केले, बोटांचे ठसे घेतले आणि प्रत्येकाच्या हाती क्रमांक लिहिलेला कागद देऊन छायाचित्र काढण्यास सुरुवात केली. वैमानिकाने कागद हाती धरताना मधले बोट उभे केले. छायाचित्र निघाले आणि त्याच छायाचित्राच्या पुराव्यावर वैमानिकाला अटक झाली. आरोप होता सरकारी अधिकाऱ्याच्या अवमानाचा. सुमारे १२,७५० डॉलर भरल्यावर त्याची सुटका झाली.

या प्रसंगाची पार्श्वभूमी अशी. ५ जानेवारी २००४ पासून अमेरिकेने व्हिसा घेऊन येणाऱ्या परदेशी प्रवाशांचे ठसे व छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. २७ देशांच्या नागरिकांना सूट मिळाली आणि त्यांत बहुतेक युरोपीय देश होते. ब्राझीलला सूट नव्हती. ही योजना जाहीर झालेली असतानाच मातो ग्रोसो राज्यातील झुलिएर सेबास्तियाओं दा सिल्वा या संघीय न्यायाधीशांनी आदेश दिला की, १ जानेवारीपासून ब्राझीलमध्ये येणाऱ्या अमेरिकी नागरिकांना नेमकी हीच वागणूक द्यावी. अमेरिकेच्या योजनेची तुलना त्यांनी थेट नाझींच्या अत्याचारांशी केली. अमेरिकेत ठसे क्षणभरात यंत्रावर उमटत होते. ब्राझीलमध्ये मात्र प्रारंभी शाई, कागद आणि मोजके कर्मचारी एवढीच सामग्री होती, त्यामुळे प्रवासी तासन्‌तास ताटकळले. पर्यटनावर पोट असणारे रिओ शहर हवालदिल झाले आणि अमेरिकी पाहुण्यांचे फुले देऊन स्वागत करू लागले. देशाचे सरकार मात्र न्यायाधीशांच्या बाजूने उभे राहिले आणि स्वतःच्या आदेशाने ही पद्धत चालू ठेवली.

ही गोष्ट आपल्याकडे सांगितली की ऐकणारा बहुधा खूश होतो. अमेरिकी व्हिसासाठी पहाटेपासून रांगेत उभे राहिलेल्यांच्या देशात तसे होणे स्वाभाविकच आहे. प्रथम वाचली तेव्हा मलाही आनंदच झाला होता. परंतु ब्राझीलच्या प्रवेशनियमांचा इतिहास जसजसा वाचत गेलो, तसतसा तो आनंद थोडा गुंतागुंतीचा होत गेला. आजचा थ्रेड त्या गुंतागुंतीविषयी आहे. लांब आहे, सावकाश वाचावा.

पर्यटक सीमेवर उभा राहून एकच वाक्य बोलतो : ‘मी नुसते पाहायला आलो आहे.’ आणि प्रत्येक काळातले राज्य मनात एकच शंका घेते : ‘खरे कशासाठी आला आहेस?’ ब्राझीलमध्ये ही शंका सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाच्या कागदपत्रांत वाचायला मिळते.

नोव्हेंबर १७६८ मध्ये कॅप्टन जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ हे जहाज रिओ दि जानेरोच्या बंदरात आले. सूर्यबिंबावरून होणारे शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी ते ताहितीकडे निघाले होते आणि वाटेत पाणी व रसद हवी होती. जहाजावर जोसेफ बँक्स हा श्रीमंत तरुण निसर्गअभ्यासक आपल्या सहकाऱ्यांसह होता. पोर्तुगीज व्हाइसरॉय आझांबुझाच्या काउंटने सांगितले, रसद घ्या. परंतु कप्तानाखेरीज कोणी किनाऱ्यावर हिंडायचे नाही, आणि कप्तानानेही पहारेकरी सोबत घेऊनच फिरायचे. एका ग्रहाचा प्रवास पाहण्यासाठी कोणी अर्धी पृथ्वी ओलांडतो, हे व्हाइसरॉयला पटेना. कुकने रोजनिशीत वैतागून लिहून ठेवले आहे की, हे गृहस्थ समजतात ध्रुवतारा दक्षिण ध्रुवातून पलीकडे जाणार आहे!

कुकच्या बाजूने वाचले की व्हाइसरॉय अडाणी वाटतो. पण क्षणभर त्याच्या खुर्चीत बसून पाहा. सतराव्या शतकाच्या अखेरीस मिनास जेराइसच्या डोंगरांत सोने सापडले होते आणि त्यानंतर काही दशकांत हिरेही. लिस्बनच्या दरबाराची सारी ऐट त्या खाणींवर उभी होती. १७११ मध्ये आंतोनिल या टोपणनावाने एका जेझुइट पाद्र्याचे ब्राझीलच्या संपत्तीचे वर्णन करणारे पुस्तक लिस्बनमध्ये छापले गेले. त्यात खाणींकडे जाणारे रस्ते दिलेले होते, म्हणून सरकारने प्रती जप्त करून ते दडपले. १७२० च्या कायद्याने तर खुद्द पोर्तुगालच्या प्रजेलाही परवान्यावाचून ब्राझीलला जाण्याची मुभा उरली नाही. अशा मुलुखात तोफा असलेले इंग्रज जहाज येते, वर दुर्बिणी आणि चित्रकार असतात, आणि ती मंडळी सांगतात की आम्हांला फक्त फुले पाहायची आहेत. संशय यावा असेच हे होते.

आणि तो संशय काही अंशी खराही ठरला. बँक्सची माणसे रात्री खिडकीतून दोराने होडीत उतरून किनाऱ्यावर जाऊ लागली. जनावरांसाठी म्हणून आणलेल्या पाल्यातून वनस्पतींचे नमुने जहाजावर चढले. २६ नोव्हेंबरला बँक्स स्वतःही पहाटेपूर्वी चोरून उतरला आणि दिवसभर हिंडून आला. आजच्या भाषेत हा विनापरवाना प्रवेश. आपल्या कुंपणांवर फुलणारी बोगनवेलही युरोपीय शास्त्राला याच बंदरातून लाभली. कुकच्या आदल्या वर्षी येथे आलेल्या बूगँव्हिलच्या फ्रेंच मोहिमेतील कोमेरसाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे नमुने घेतले आणि आपल्या कप्तानाचे नाव तिला दिले.

(जाता जाता. ज्या साम्राज्याने हे बंदर परक्यांना बंद ठेवले, त्याच्याच ताब्यात आपला गोवाही होता. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजे ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात थांबत. ‘काजू’ हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला आणि आपला फणस तिकडे जाऊन ‘जाका’ झाला.)

कुकला निदान पाणी तरी मिळाले. १८०० साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट स्पॅनिश अमेरिकेतील नद्यांमधून हिंडत रिओ नेग्रोच्या काठाने पोर्तुगीज हद्दीच्या जवळ पोहोचला. त्याच सुमारास लिस्बनहून ब्राझीलच्या अधिकाऱ्यांना हुकूम सुटला होता की बर्लिनचा कोणी ‘बॅरन हुम्बोल्ट’ शास्त्रीय प्रवासाच्या नावाखाली येत आहे, त्याला आत येऊ देऊ नये. त्या काळचा सर्वांत मोठा निसर्गशास्त्रज्ञ ब्राझीलच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि उंबरा न ओलांडता परतला. मौज अशी की, पुढे म्हातारपणी याच हुम्बोल्टला ब्राझीलने मानचिन्ह देऊन गौरवले.

हे दार शेवटी उघडले ते औदार्याने नव्हे. नोव्हेंबर १८०७ मध्ये नेपोलियनचे सैन्य लिस्बनच्या वेशीवर आले, तेव्हा राजपुत्र जुआंव सगळा दरबार जहाजांत घालून इंग्रज आरमाराच्या संरक्षणाखाली ब्राझीलकडे निघाला. साल्वादोरला पोहोचल्यावर आठवड्याच्या आत, २८ जानेवारी १८०८ रोजी, त्याने मित्रराष्ट्रांच्या जहाजांना बंदरे खुली केली. मायदेश हातचा गेला होता, व्यापार ठप्प होता आणि इंग्रजांचे उपकार डोक्यावर होते. दुसरा मार्गच नव्हता. ज्याला कालपर्यंत हेर म्हणून अडवले असते, तोच परका आज पाहुणा झाला. जर्मन शास्त्रज्ञ आले, फ्रेंच चित्रकार आले, इंग्रज व्यापारी तर आलेच आले.

तरीही किनाऱ्यावर उतरणे आणि देशात हिंडणे या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या. एप्रिल १८३२ मध्ये रिओत असलेल्या तेवीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनला अंतर्भागात जायचे होते, त्यासाठी परवाने हवे होते. ते मिळवण्यात त्याचा अख्खा दिवस गेला. त्या दिवशीच्या रोजनिशीत त्याने अधिकाऱ्यांच्या उर्मटपणाबद्दल संताप तर ओतला आहेच, पण त्याबरोबर सबंध ब्राझिलियन लोकांविषयी अशी तुच्छतेची वाक्ये लिहिली आहेत की ती वाचून डार्विनच्या चाहत्याला ओशाळे व्हावे. अरण्ये आणि त्यांतले पक्षी, माकडे पाहायची आहेत म्हणून हे सहन करायचे, अशी स्वतःची समजूत घालून तो निघाला. सरकारी खिडकीसमोर दिवस वाया गेलेल्या प्रत्येकाला त्याची चिडचिड ओळखीची वाटेल. पण युरोपातला गोरा माणूस त्या खिडकीकडे कसा पाहत होता, हेही त्याच पानावर दिसते. २००४ मधले ते मधले बोट आठवले तर नवल नाही.

इथपर्यंत ब्राझीलचा परक्यांविषयीचा संशय मुख्यतः संपत्तीविषयीचा होता. पुढे तो माणसाच्या रंगाविषयीचा झाला, आणि थ्रेडचा हा भाग मला सर्वांत जड जातो.

१३ मे १८८८ रोजी ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली. पुढच्याच वर्षी राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि नव्या राज्यकर्त्यांना मजुरांबरोबरच देशाचा वर्णही बदलायचा होता. २८ जून १८९० च्या ५२८ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने जाहीर केले की, काम करण्यास समर्थ आणि आपल्या देशात गुन्हेगार नसलेल्या सर्वांना ब्राझीलची बंदरे पूर्णपणे खुली आहेत. अपवाद फक्त आशिया आणि आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांचा. त्यांना संसदेच्या खास परवानगीवाचून प्रवेश नाही. परदेशांतील राजदूत व वाणिज्यदूतांनी अशा लोकांना रोखावे आणि बंदरावरील पोलिसांनी उतरू देऊ नये, असेही त्यात होते.

हुकूमनामा वसाहतीसाठी येणाऱ्यांविषयीचा होता, पर्यटकांविषयीचा नव्हे. परंतु दूतावासातला कारकून आणि बंदरावरचा पोलीस यांना समोरच्या माणसाची कातडी पाहून निर्णय घ्यायची सवय तिथे लागली. दोन वर्षांत मजुरांची टंचाई जाणवू लागल्यावर चिनी व जपानी लोकांसाठी कायदा सैल झाला, आणि १९०८ मध्ये ‘कासातो मारू’ या जहाजातून पहिले ७८१ जपानी सांतोस बंदरात उतरले. आफ्रिका तशीच बाहेर राहिली.

या सवयीचा एक बळी तर खरोखरच पर्यटक होता. १९२१ मध्ये काही कृष्णवर्णीय अमेरिकनांनी मातो ग्रोसोमध्ये जमीन घेऊन वस्ती करण्याचा बेत केला. ब्राझीलच्या संसदेत कृष्णवर्णीयांच्या प्रवेशावर बंदी घालणारे विधेयक मांडले गेले. ते संमत झाले नाही. पण त्याची गरजही पडली नाही. परराष्ट्र खात्याने अमेरिकेतील आपल्या दूतावासांना गुपचूप कळवले की अशा अर्जदारांना व्हिसा देऊ नये. कायद्यात काहीच लिहिलेले नाही, जगापुढे प्रतिमा वर्णभेदमुक्त देशाची, आणि नकार मात्र खिडकीतून तोंडी. १९२३ मध्ये ‘शिकागो डिफेंडर’ या विख्यात कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट ॲबट दक्षिण अमेरिकेच्या सफरीवर निघाले, तेव्हा त्यांनाही प्रथम नकारच मिळाला. एका अमेरिकी सेनेटरने शब्द टाकला तेव्हा कुठे व्हिसा हाती पडला. आणि परत येऊन ॲबट यांनी ब्राझीलची स्तुतीच केली! वर्णद्वेषाने पोळलेल्या आपल्या वाचकांना त्यांनी तो देश समतेचा नमुना म्हणून दाखवला. आपल्याला दारात का अडवले गेले, हे त्यांना समजले नसेल असे मला वाटत नाही. बहुधा शिकागोतल्या वाचकांना जगात कुठेतरी समता आहे हे सांगणे त्यांना अधिक गरजेचे वाटले असावे. हा माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

१९३० नंतर जेतूलियो वार्गासच्या राजवटीत हे सारे अधिक पद्धतशीर झाले. १९३४ च्या राज्यघटनेने प्रत्येक राष्ट्रीयत्वासाठी कोटा ठरवला : मागील पन्नास वर्षांत त्या देशातून येऊन स्थायिक झालेल्यांच्या दोन टक्के. शब्द सर्वांना सारखे होते, रोख जपान्यांवर होता. ७ जून १९३७ रोजी परराष्ट्र खात्याने ११२७ क्रमांकाचे गुप्त परिपत्रक काढून ज्यू वंशाच्या व्यक्तींना व्हिसा नाकारण्याचे आदेश दिले. आणि १९३८ च्या कायद्याने तात्पुरता व्हिसा आणि कायम वास्तव्याचा व्हिसा यांची काटेकोर विभागणी केली.

ही विभागणी आज आपल्याला कंटाळवाण्या नियमासारखी वाटते. त्या वर्षी ती तशी नव्हती. जर्मनी व ऑस्ट्रियातून निसटणाऱ्या ज्यू कुटुंबांना कायमचा व्हिसा मिळणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून ती पर्यटक म्हणून येत. ‘नुसते पाहायला आलो आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडी उघड खोटे होते. बोलणाऱ्याला ते ठाऊक होते आणि पुष्कळदा ऐकणाऱ्यालाही. परतीचे तिकीट दाखवायचे, मुदत संपली की लपायचे, ओळखीपाळखीने कागद करून घ्यायचे. पर्यटक व्हिसाची मुदत म्हणजे तिथे आयुष्याची मुदत होती. प्रसिद्ध असाल तर गोष्ट वेगळी. ऑस्ट्रियन ज्यू लेखक स्टेफान झ्वाइग यांना त्याच ब्राझीलने सन्मानाने घेतले आणि कायम वास्तव्याची परवानगीही दिली. त्यांनी १९४१ मध्ये ब्राझीलला भविष्यकाळाचा देश म्हणणारे पुस्तक लिहिले, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये पेत्रोपोलिस येथे पत्नीसह आत्महत्या केली.

या काळात एका माणसाने नियम मोडला. लुईस मार्तिन्स दि सौझा दांतास हे फ्रान्समधील ब्राझीलचे राजदूत. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर त्यांनी शेकडो लोकांना व्हिसे दिले. कित्येक व्हिसे त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले. वार्गास सरकारने त्यांच्याविरुद्ध खातेनिहाय चौकशी लावली. त्यांनी दिलेल्या व्हिशांपैकी काही युद्धातल्या रखडलेल्या जलप्रवासात मुदतबाह्य झाले आणि १९४१ मध्ये ‘काबो दि ओर्नोस’ जहाजावरील अशा प्रवाशांना रिओत उतरू दिले गेले नाही. दिवस उलटले म्हणून नकार! अखेर कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाने त्यांना घेतले. सौझा दांतास यांना २००३ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ अर्धशतकाने, इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या मानाच्या यादीत स्थान दिले.

युद्ध संपले, हुकूमशाही डळमळू लागली, तरी १८ सप्टेंबर १९४५ च्या कायद्यात लिहिले गेले की लोकसंख्येत युरोपीय वंशाची इष्ट वैशिष्ट्ये जपणे आणि वाढवणे हे प्रवेश देताना ध्यानात घ्यावे. छळछावण्यांची छायाचित्रे जगभर छापून आल्यावरचे हे वाक्य आहे. १९८० मध्ये लष्करी राजवटीने परकीयांविषयी नवा कायदा केला, तेव्हा वंशाची भाषा मागे पडून राष्ट्रीय सुरक्षिततेची भाषा आली. स्थलांतरिताला आणि पाहुण्याला हक्क आहेत, परदेशीद्वेषाला थारा नाही, असे सरळ शब्दांत म्हणणारा कायदा व्हायला २०१७ साल उजाडावे लागले.

आता २००४ कडे पुन्हा या. अमेरिकेने ब्राझिलियन पर्यटकाला म्हटले, तू पाहायला आला आहेस असे म्हणतोस, पण आधी ठसे दे. ब्राझीलने तोच संशय जसाच्या तसा परत केला. मुत्सद्देगिरीत याला परस्परतेचे तत्त्व म्हणतात. ब्राझीलने ते केवळ ठशांपुरते नव्हे, तर व्हिशाची गरज, शुल्क, मुदत या सगळ्यांत लावले. दुबळ्या देशाच्या हाती असलेले हे स्वस्त आणि कायदेशीर शस्त्र आहे, हे मला मान्य आहे. मात्र राष्ट्राभिमानाची ही कहाणी सांगताना, हाच देश शिकागोच्या संपादकाला आणि व्हिएन्नाच्या निर्वासिताला कोणत्या खिडकीतून परतवत होता, ते सोयीस्करपणे गाळले जाते. माझी हरकत एवढ्यालाच आहे.

परस्परतेचा हिशेब त्यानंतरही चालू राहिला. मार्च २०१९ मध्ये बोल्सोनारो सरकारने अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व जपानच्या पर्यटकांना एकतर्फी व्हिसामाफी दिली. मोबदल्यात काहीच मागितले नाही. २०२३ मध्ये लुला सरकारने ती फिरवण्याचा निर्णय केला. जपानने वाटाघाटी करून ब्राझिलियनांनाही माफी दिली आणि ३० सप्टेंबर २०२३ पासून दोन्हीकडची दारे खुली झाली. उरलेल्या तीन देशांसाठी तारखा पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या, कारण हॉटेलवाल्यांचे आणि पर्यटन व्यवसायाचे दडपण रिओत २००४ सारखेच होते. अखेर १० एप्रिल २०२५ पासून अमेरिकी पर्यटकाला पुन्हा व्हिसा लागू लागला. तो आता घरबसल्या मिळतो, शुल्क ८०.९० डॉलर.

आणि आपण? १८९० च्या त्या हुकूमनाम्यातील ‘आशियाचे मूळ रहिवासी’ या शब्दांत आपले पणजोबाही मोडत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये बोल्सोनारो यांनी चिनी व भारतीय पर्यटकांचा व्हिसा रद्द करण्याची घोषणा केली होती. वर्तमानपत्रांत ती ठळक छापून आली, प्रत्यक्षात काहीच झाले नाही आणि भारतीयांना व्हिसा लागतच राहिला.

परतीच्या वाटेवर मात्र संशय घेणारे आपण असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीतज्वराने ब्राझीलची बंदरे इतकी बदनाम होती की काही जहाज कंपन्या ‘ब्राझीलला न थांबता थेट अर्जेंटिना’ अशी जाहिरात करत. १८९५ मध्ये रिओत नांगरलेल्या ‘लोम्बार्दिया’ या इटालियन युद्धनौकेवरचे दोनशेहून अधिक खलाशी या तापाने मेले. भारतात हा रोग नाही. तो पसरवणारा डास मात्र मुबलक आहे. म्हणून ब्राझीलहून मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्याकडे लसीकरणाची पिवळी पुस्तिका मागितली जाते. ती नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ती ग्राह्य होते, तेव्हा जाणार असाल तर तारखा आधी मोजून घ्या.